वायरमनलाच सगळे का घेतात? सर्व्हायव्हल गेममधल्या व्यवसायांचा बॅलन्स

खटका_बंद | शुक्रवार, रात्री ९:१०

मंडळी, डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. मी आणि माझा मामेभाऊ मिळून एक सर्व्हायव्हल गेम बनवतोय, गोडो इंजिनवर (गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), नोकरी सांभाळून. झॉम्बी-बिम्बी काही नाहीत. मे महिना, सोलापूर, पारा ४४ वर, लाईट गेली ती गेलीच, नळ कोरडे आणि गावाबाहेर जायचे रस्ते बंद. बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब.

सुरुवातीला एक व्यवसाय निवडायचा. वायरमन, यंत्रमाग कामगार, विडी कामगार, शेतकरी, नर्स, गॅरेज मेकॅनिक, भाकरीवाली मावशी आणि बेकार. किमती प्रोजेक्ट झॉम्बॉइड ह्या झॉम्बींपासून जीव वाचवायच्या गेमसारख्या, म्हणजे भारी व्यवसाय घेतला की पॉइंट जाणार, साधा घेतला की मिळणार आणि त्या पॉइंटातून 'तहान कमी', 'उन्हाला काटक' असले गुण विकत घ्यायचे.

गोची अशी की मित्रांना खेळायला दिला तर जवळपास सगळ्यांनी वायरमन घेतला. कारण सरळ आहे, जनरेटर शोधला, बोअरला जोडला, पाणी आलं, गेम संपला. किंमत दुप्पट केली तरी तोच. विडी कामगार मी 'हार्ड मोड' अशी पाटी लावून ठेवला होता तर त्याला कुणी हात लावेना. आता वायरमनचे पंख छाटू की बाकीच्यांना वर आणू? तुम्ही खेळलेल्या गेममध्ये हे कसं जमवलंय ते सांगा.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ९:१८

रुमाल टाकून ठेवतो. आधी एवढंच सांग, गेममध्ये चादर आहे का? नसेल तर अनइन्स्टॉल.

खटका_बंद | शुक्रवार, रात्री ९:२१

आहे. दिवसा दारावर ओली करून टांगता येते, खोली थंड राहते. पण त्यात पाणी जातं :)

हुतात्मा_एक्सप्रेस | शुक्रवार, रात्री १०:४२

झॉम्बॉइडचं नाव काढलंस म्हणून लिहितो, मी त्यात लई वेळ घालवलाय (बिल्ड ४१ म्हणजे त्याची ४१ वी आवृत्ती, आकडे सगळे त्यातले, नंतर बदल झालेत). तिथं बेकाराला ८ पॉइंट मिळतात आणि व्हेटरन म्हणजे माजी सैनिकाला ८ जातात. दोघांत १६ चा फरक. तरी लोक व्हेटरन घेतात, का? त्याला झॉम्बी बघून घबराट होत नाही आणि ही गोष्ट गेममध्ये दुसरीकडून मिळवता येत नाही. ना पुस्तकातून ना सरावातून.

आता सुतार बघ. सुतारकामात तीन लेव्हल घेऊन येतो, शिवाय वर २ पॉइंट देतो. कागदावर मस्त. पण पहिल्या आठवड्यात टीव्हीवर लाइफ अँड लिव्हिंग चॅनल लावून बसलं की कुणीही बऱ्यापैकी सुतारकाम शिकतो, वर लायब्ररीत पुस्तकं पडलेलीच आहेत. सुतार थोडा भरभर शिकतो हे खरं पण महिन्याभरानं त्याच्यात आणि बेकारात फारसा फरक दिसत नाही. डॉक्टरचं तर त्याहून वाईट. झॉम्बीचा ओरखडा आला तर त्याचा रोग लागायचा ७ टक्के धोका, कातडी फाटली तर २५, चावलं तर १००. म्हणजे जे मारतं त्याच्यावर डॉक्टरकडे इलाजच नाही आणि जे मारत नाही त्याला कुणीही पट्टी बांधतो.

तेव्हा तू किंमत बघू नकोस. त्या व्यवसायाकडे जे आहे ते दुसऱ्याला शिकून मिळतं का, आणि किती दिवसांत, हे बघ. वायरमनचं कसब दुसऱ्याला शिकता येतं का तुझ्या गेममध्ये?

खटका_बंद | शुक्रवार, रात्री १०:५०

नाही येत. मेकॅनिकला थोडं येतं, बाकी कुणाला नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस | शुक्रवार, रात्री १०:५३

मग झालं की. झॉम्बॉइडमध्ये इलेक्ट्रिशियनला जनरेटर जन्मतः चालवता येतो पण बाकीच्यांना एक मासिक सापडलं की त्यांनाही येतो. सगळा खेळ ते मासिक शोधायचा. इलेक्ट्रिशियनची मुख्य म्हणजे ती वणवण वाचते, पॉइंट त्याचे घेतात. तसंच बर्गलरचं म्हणजे घरफोड्याचं, त्याला पहिल्या दिवसापासून चावीशिवाय गाडी चालू करता येते, बाकीच्यांनी इलेक्ट्रिकल १ आणि मेकॅनिक्स २ केलं की त्यांनाही जमते. फायदा वेळेचा द्यायचा, कायमचा मक्ता नाही द्यायचा.

नान्नजचा_माळढोक | शुक्रवार, रात्री ११:३०

सिंगल प्लेयर गेमला बॅलन्स लागतोच कशाला हे मला कुणी सांगेल का? समोर कुणी चिडणारा बसलेला नाही. डोन्ट स्टार्व्ह नावाच्या गेममध्ये वेस नावाचा मूकनाट्यवाला आहे, मुद्दाम कमजोर केलेला, पोटात कमी मावतं, त्यानं मारलेला फटका कमी लागतो. लोक कौतुकानं खेळतात. कॅटाक्लिझम नावाच्या गेममध्ये तर एक व्यवसायच असा आहे की प्रलय आला तेव्हा तुम्ही अंघोळ करत होता. अंगावर कपडा नाही, हातात साबण. असं काही ठेव ना. सोलापूरच्या मे महिन्यात अंघोळ करणारा माणूस हाच श्रीमंत म्हणायचा.

कडकभाकरी | शुक्रवार, रात्री ११:४१

@माळढोक, असहमत. समोर कुणी नसला तरी निवड ही निवड वाटली पाहिजे. आठ दारं ठेवली आणि सगळे एकाच दारातून आत गेले तर बाकी सात काढायला घेतलेली मेहनत पाण्यात. (पाणी असेल तर.)

आणि किमती अगदीच बिनमहत्त्वाच्या नाहीत. झॉम्बॉइडमध्येच शेफला ४ पॉइंट जातात आणि बर्गर फ्लिपरला (हॉटेलात बर्गर भाजणारा) उलट २ मिळतात. दोघांना सुरी चालवता येते, दोघांना हत्याराची देखभाल येते, फरक स्वयंपाकाच्या एका लेव्हलचा. एका लेव्हलसाठी सहा पॉइंट! शहाणा माणूस शेफ घेणारच नाही. तुझ्या भाकरीवाल्या मावशीची किंमत लावताना हे डोळ्यासमोर ठेव. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, चुलीवर एकदाच जाळ करून पंधरवड्याचं होतं, म्हणजे सरपण आणि पाणी दोन्ही वाचलं. तिला तू काय दिलंयस?

खटका_बंद | शुक्रवार, रात्री ११:४६

स्वयंपाक २, आणि जेवणानं मूड वाढतो.

कडकभाकरी | शुक्रवार, रात्री ११:४७

मूड. वा रे वा. ४४ डिग्रीत न बुरसणारं अन्न तिच्याकडे आहे आणि तू तिला मूड दिलास.

बाळीवेस_बॉय | शनिवार, सकाळी ७:५५

काय करलालास बे, मेन माणूस विसरलास की. चावीवाला! महापालिकेचा पाणी सोडणारा. हातात ती लांब टी-चावी, कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह, कुठली लाईन कुठं फुटली, कुणाच्या घरी जमिनीखाली किती हजार लिटरची टाकी, सगळं तोंडपाठ. लाईट गेली म्हणून काय झालं, पाइपात आणि उंच टाक्यांत उरलेलं पाणी कुणाच्या हातात? ह्याच्या.

शेंगाचटणी | शनिवार, सकाळी ८:०२

आमच्या गल्लीत तर तो आत्ताच मेन बॉस आहे, गेम कशाला पाहिजे.

बाळीवेस_बॉय | शनिवार, सकाळी ८:०४

आमच्याकडं पाणी यायच्या दिवशी पाव्हणे आले तरी कुणी उठून दार उघडत नाही. घरातली सगळी भांडी, बादल्या, पिंप, पार चहाचं पातेलंसुद्धा भरायचं.

जुळे_सोलापूर_जुळा | शनिवार, सकाळी ८:३०

तुमच्याकडं भर दिवसा येतं हे तरी नशीब. आमच्याकडं रात्री दोनला. गेममध्ये झोपेचा मीटर ठेवलाय का?

पुण्यात_अडकलेला | शनिवार, सकाळी ९:१५

वाचून डोळ्यात पाणी आलं, साठवून ठेवतो. एक व्यवसाय माझाही घ्या, 'पुण्यात आयटीत असलेला, सुट्टीला घरी आलेला'. सुरुवातीचं सामान लॅपटॉप. कौशल्य शून्य. आई समोर असल्यामुळे भूक कधी लागत नाही.

गंमत सोडा, ओरेगॉन ट्रेल हा जुना गेम कुणी खेळलंय का? १९८५ ची आवृत्ती. १८४८ साली बैलगाडीसारख्या वॅगननं अमेरिका पार करायची. सुरुवातीला तीन धंदे, बँकर १६०० डॉलर घेऊन निघतो, सुतार ८००, शेतकरी ४००. बॅलन्स अजिबात केलेला नाही, बँकर उघड उघड सोपा. पण शेवटी पोहोचलात तर सुताराचे गुण दुप्पट आणि शेतकऱ्याचे तिप्पट होतात. खेळणाऱ्यानं ठरवायचं, जगायचंय की मिरवायचंय. माळढोक आणि कडकभाकरी दोघांचंही समाधान होईल असं बघ. वायरमन राहू दे भारी, गुण कमी दे.

कडकभाकरी | शनिवार, सकाळी ९:३३

ते तिथं चालतं कारण तिथं मुक्काम आहे, पोहोचलात की खेळ संपला. ह्याच्या गेममध्ये पोहोचायचं कुठं? हत्तुरेवस्तीला? शेवट नसलेल्या गेममध्ये गुणांना कोण विचारतो.

फेज_गेला | शनिवार, दुपारी १२:२०

मी स्वतः वायरमनचा पोरगा, आणि पोरगा म्हणजे पाना धरून वडिलांच्या मागं हिंडलेला. तुझा वायरमन मुळातच खोटा आहे भावा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तू म्हणणार दोन किलोवॅटचा जनरेटर बास झाला. पण सबमर्सिबल मोटर सुरू होताना चालू करंटच्या चार-सहा पट ओढते. छोटा जनरेटर तिथंच मान टाकतो. मोठा जनरेटर कुठं मिळणार तर मंगल कार्यालयात नाहीतर हॉस्पिटलात, तो एकट्यानं उचलायचा नाही, ट्रॉली पाहिजे, डिझेल पाहिजे आणि डिझेल संपतं. थ्री फेज बोअर असेल तर आणखी वेगळं प्रकरण, एक फेज गेला आणि मोटर तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळालं म्हणून समज.

आणि हे सगळं जमवलंस तरी मे महिन्यात बोअरला पाणी असेल कशावरून? आपल्याकडं काळा पाषाण, पाणी असतं ते भेगांमध्ये. शेजारच्यानं शंभर फूट खाली मारलं की आपलं कोरडं. तेव्हा पंख छाटायचं सोड, खऱ्या वायरमनचा त्रास तेवढा घाल. आपोआप जमिनीवर येतो. शिवाय जनरेटरचा आवाज तीन गल्ल्या जातो, झॉम्बॉइडमध्ये त्या आवाजावर झॉम्बी येतात, तुझ्या गेममध्ये माणसं येतील घागरी घेऊन. ते जास्त अवघड.

हापसा टाक गावात दोन-चार ठिकाणी. त्याला लाईट लागत नाही, वॉशर लागतो. वॉशर बदलायला वायरमन कशाला पाहिजे.

हुतात्मा_एक्सप्रेस | शनिवार, दुपारी १२:३४

+१. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. घागरी घेऊन येणारी माणसं हा खरा शत्रू आहे, त्यांना मारता येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही.

अक्का_ऑनलाइन | शनिवार, दुपारी ३:०५

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, त्यानं धागा दाखवला. विडी कामगार म्हणजे 'हार्ड मोड' हे वाचलं आणि थांबले.

माझी आई विड्या वळायची. रोज हजार वळल्या की हजाराचा दर. पाला, तंबाखू, सूत कारखान्यातून आणायचं, पाला रात्री भिजवायचा, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचा, मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर. बोलणं चालू, पोरांवर लक्ष, चुलीवर डाळ, हात थांबायचे नाहीत. संध्याकाळी माल द्यायला गेलं की जरा वाकडी दिसली की विडी बाद. तुम्ही तिला काय कौशल्य दिलंय मला माहीत नाही पण तिच्याकडं काय होतं ते सांगते. हाताला वेग होता. दहा-बारा तास एका जागी बसायची ताकद होती. आणि शंभर बायका ओळखीच्या होत्या. कुणाकडं पीठ आहे, कुणाकडं आज पाणी आलं, कुणाचा नवरा कुठं कामाला आहे, सगळं मालाच्या रांगेत कळायचं. उधारी कुणाकडं मागायची आणि कुणाकडं नाही हे पण. आईला मराठी यायची, तेलुगू घरची, कन्नड शेजारची, आणि दुकानदाराशी हिंदी. पूर्व भागातल्या कुठल्याही घरात तिला तांब्याभर पाणी मिळालं असतं. तुमच्या वायरमनला मिळेल का?

बाळीवेस_बॉय | शनिवार, दुपारी ३:२०

अक्का __/\\__

फेज_गेला | शनिवार, दुपारी ३:४१

नाही मिळणार. माझ्या वडलांना मिळायचं, पण ते बिल थकलेल्यांचं मीटर कापायला जात नव्हते म्हणून :)

खटका_बंद | शनिवार, संध्याकाळी ५:१२

अक्का, पाटी काढली. पण तुमच्या प्रतिसादामुळं नवीन प्रश्न पडला. ओळखी गेममध्ये कशा दाखवायच्या? आत्ता एनपीसी (गेम स्वतः चालवतो ती माणसं) फक्त अदलाबदल करतात, सगळ्यांशी एकच भाव.

पुण्यात_अडकलेला | शनिवार, संध्याकाळी ५:३०

भाषा हेच कौशल्य कर. मराठी सगळ्यांना. तेलुगू, कन्नड, दखनी व्यवसायानुसार. अशोक चौकाकडं गेलास आणि तेलुगू येत असेल तर भाव निम्मा आणि बातमी फुकट, अक्कलकोट रोडनं पुढं गेलास तर कन्नड कामाला. आणि ही गोष्ट पुस्तक वाचून आठवड्यात येत नाही, म्हणजे हुतात्मा म्हणतो तसं दुसरीकडून न मिळणारं काहीतरी तिच्याकडं आलं. वर तंबाखू आहेच. चलन म्हणून चालते, आणि तंबाखूचा काढा पिकावर कीड मारायला फवारतात, तो शेतकऱ्याला विकायचा.

नान्नजचा_माळढोक | शनिवार, संध्याकाळी ५:४४

हे मात्र मान्य. बॅलन्स नको म्हणणारा मी, पण एकमेकांची गरज लागणारे व्यवसाय असतील तर खेळायला मजा आहे. झॉम्बॉइडचा डॉक्टर एकट्याला निरुपयोगी, सर्व्हरवर दहा जण असले की त्याच्या दारात रांग. तुझा गेम मल्टिप्लेयर होणार आहे का?

खटका_बंद | शनिवार, संध्याकाळी ५:५०

मामेभाऊ म्हणतो होणार. मामेभाऊ गेल्या दिवाळीलापण म्हणाला होता.

जिरायती | शनिवार, रात्री ८:२५

शेतकऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून आलो. मे महिन्यात गेम सुरू केलास तर शेतकरी मेलाच ना. मालदांडी ज्वारी पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढायची फेब्रुवारी-मार्चात. मंगळवेढ्याची काळी रान असली तरी मे महिन्यात त्यात ढेकळं आहेत फक्त. तुझे मित्र पंधरा दिवस जगले तर खूप, त्यांना ज्वारी दिसणार कधी? झॉम्बॉइडमध्येपण हेच, तिथं जुलै १९९३ ला सुरू होतं, पहिले काही आठवडे दुकानात डबे पडलेत, शेतीची कुणाला पडलीय. शेतकऱ्याची किंमत कळते ती डबे संपल्यावर, थंडीत.

तेव्हा सुरुवातीचा महिना निवडायला दे. मृगाला सुरू केलं तर शेतकरी एक नंबर, गड्ड्याच्या जत्रेला, म्हणजे जानेवारीत सुरू केलं तर हुरडा खाऊन जगेल, मे महिन्यात सुरू केलं तर त्याला पेवातली जुनी ज्वारी आणि एक शेळी दे. कौशल्याचे आकडे तेच ठेव. नुसता महिना बदलून अर्धा बॅलन्स होतो.

शेंगाचटणी | शनिवार, रात्री ८:३१

शेळी घेणार मी. व्यवसाय कुठला का असेना.

कांडी_भर | शनिवार, रात्री ९:४०

आणि मागवाला? मी स्वतः साच्यावर म्हणजे मागावर काम केलंय, तू त्याला 'कापड शिवता येतं' असलं काहीतरी दिलं असणार, पैज लाव. शिवणं शिंप्याचं काम. मागवाल्याला तुटलेला धागा चालत्या मागावर दोन बोटांत जोडता येतो, रात्रपाळी करून सकाळी जागं राहता येतं आणि खटखटाटात ओरडून उपयोग नाही म्हणून हातवाऱ्यावर बोलता येतं. कान मात्र गेलेले असतात, कमी ऐकू येतं. हे दोन्ही घाल. ऐकू कमी पण न बोलता साथीदाराला खूण करता येते, रात्री जागतो, दोर वळतो. लाईट गेल्यावर माग बंदच, तेव्हा मागाचा उपयोग शून्य, माणसाचा आहे.

झॉम्बॉइडमध्ये चादरींचा दोर करून खिडकीतून उतरतात. कुठल्या चादरी ते माहीत नाही. आपली असती तर हत्ती उतरला असता.

खटका_बंद | शनिवार, रात्री ११:०५

@कांडी_भर, पैज जिंकलात, शिवणकाम २ दिलं होतं.

बरं, मामेभावाशी बोललो. वायरमनची किंमत पहिली होती तीच परत करतोय, फेज_गेला म्हणतात तसा जनरेटर वजनदार, डिझेलपिऊ आणि गोंगाटी. बोअरला पाणी असेलच असं नाही. हापसे टाकतोय. भाषा घेतोय, त्याला वेळ लागेल कारण संवाद सगळे परत लिहायचे आणि आम्हाला दोघांनाही तेलुगू येत नाही. महिना निवडणं सोपं आहे, पुढच्या बिल्डमध्ये येईल. गुण दुप्पट-तिप्पट नाही करत, कडकभाकरीचं पटलं. मूडवर मात्र मी ठाम आहे, भाकरी टिकते ते घालतो पण मूड पण राहणार.

चावीवाल्याचं अडलंय. घातला तर दुसरा वायरमन होतो, सगळे तोच घेतील. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपानं येतं म्हणजे लाईट नाही तर नवीन पाणी येणार नाही हे ठीक, पण टाक्यांत उरलेलं त्याला मिळणार.

हुतात्मा_एक्सप्रेस | शनिवार, रात्री ११:१९

मिळू दे. पहिल्या आठवड्यात राजा, नंतर टाक्या रिकाम्या आणि हातात नुसती चावी. शेतकऱ्याच्या बरोबर उलटा. फक्त कुणी किती दिवस जगलं आणि कशानं मेलं ते नोंदवत जा, कुणी काय घेतलं ह्याच्यापेक्षा ते महत्त्वाचं. सगळे चावीवाला घेऊन दहाव्या दिवशी तहानेनं मरत असतील तर तो भारी नाही, नुसता लोकप्रिय आहे.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ११:२४

आणि दहाव्या दिवशी गल्ली त्याला विचारायला येईल, पहिल्या दिवशी कुणाच्या दारात सोडलंस म्हणून. अक्कांच्या ओळखीचं गणित त्याला उलटं लाव. ज्यांना पाणी दिलं नाही तिथला भाव दुप्पट.

बाळीवेस_बॉय | रविवार, सकाळी ७:१०

मग तर फुकटच द्यावा लागेल बे त्याला, पॉइंट कशाचे घेतोस.

खटका_बंद | रविवार, सकाळी १०:४८

शून्य पॉइंटला ठेवला. बिल्ड रात्री टाकतो, विंडोज आणि अँड्रॉइड दोन्ही. जुने सेव्ह चालणार नाहीत. अक्का, तुमच्या मुलाला सांगा विडी कामगार घेऊन खेळायला आणि कुठं मेला ते कळवा.

अक्का_ऑनलाइन | रविवार, सकाळी ११:३०

सांगते. परीक्षा झाल्यावर.